द्राक्षबागाईतदारांचे अभ्यासमंडळ : सभासद का व कसे व्हावे

द्राक्षाची बाग एकदा लावली म्हणजे ती पंधरा-वीस वर्षे, काही ठिकाणी तर त्याहूनही अधिक काळ, उभी राहावयाची असते. हंगामी पिकात झालेली चूक पुढील वर्षी पीक बदलून सुधारता येते. वेलीच्या बाबतीत तशी सोय नाही. रोगट कलमे, अवेळी फवारणी किंवा बेहिशेबी पाणी यांची किंमत बागाईतदारास अनेक हंगाम मोजावी लागते. यास्तव द्राक्षबागाईत हा केवळ श्रमाचा व भांडवलाचा व्यवसाय नसून सतत शिकत राहण्याचा व्यवसाय आहे. हे शिक्षण एकट्याने घ्यावे की शेजाऱ्यांच्या सोबतीने, या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वाइनची द्राक्षे पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनी शोधून काढले आहे. ते बागाईतदारांनी व गावपातळीवर काम करणाऱ्या कृषी कर्मचाऱ्यांनी समजून घेण्याजोगे आहे.

लोडाय येथील आरंभ

कॅलिफोर्नियाच्या मध्यवर्ती खोऱ्याच्या उत्तर भागात लोडाय नावाचे गाव आहे. तेथील उन्हाळा कडक असतो. परंतु सायंकाळी नद्यांच्या त्रिभुज प्रदेशावरून येणारा वारा हवा थंड करतो व वाइनच्या द्राक्षांस तो मानवतो. या परिसरातील सुमारे साडेसातशे बागाईतदारांनी १९९१ साली मतदान करून आपले एक मंडळ स्थापन केले. विकलेल्या द्राक्षांच्या किमतीवर अल्पसा आकार बसवून त्या पैशातून संशोधन, शिक्षण व मालाची प्रसिद्धी ही कामे करावयाची, असे ठरले. म्हणजे जो अधिक माल विकील त्याने अधिक द्यावे व लहान बागाईतदारावर बोजा पडू नये, अशी ही व्यवस्था आहे.

पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, मंडळाने एकात्मिक कीडनियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला. ठरलेल्या तारखेस फवारणी न करता आधी बागेत हिंडून कीड मोजावी, तिचे नैसर्गिक शत्रू किती आहेत ते पाहावे आणि नुकसान होण्याइतकी संख्या झाली तरच औषध वापरावे, हे या पद्धतीचे मूळ सूत्र होय. विद्यापीठाचे शास्त्रज्ञ सल्ला देत. परंतु प्रात्यक्षिके शेतकऱ्यांच्याच बागांत होत. शेजाऱ्याच्या बागेत डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट छापील पत्रकापेक्षा लवकर पटते, हा अनुभव तेथेही आला.

स्वयंमूल्यमापनाची वही

इ. स. २००० मध्ये या मंडळाने बागाईतदारांसाठी स्वयंमूल्यमापनाचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची रचना साधी आहे. जमीन, पाणी, कीड, परिसर, मजूर इत्यादी विषयांवर एकेक प्रश्न दिलेला असून प्रत्येक प्रश्नाखाली कामाच्या चार पायऱ्या वर्णन केलेल्या आहेत. बागाईतदाराने आपण कोणत्या पायरीवर आहोत ते स्वतःच ठरवून खूण करावयाची. उदाहरणार्थ, पाण्याच्या बाबतीत केवळ सवयीने पाळी देणारा शेतकरी सर्वांत खालच्या पायरीवर येतो. जमिनीतील ओल व वेलीची तहान मोजून, त्याची नोंद ठेवून पाणी देणारा वरच्या पायरीवर येतो.

या पद्धतीत पहिल्या पायरीवर असणाऱ्यास कोणी दोष देत नाही. वरची पायरी कशी असते ते त्याच पानावर वाचावयास मिळत असल्यामुळे पुढे काय करावे हे आपोआप कळते. छोट्या गटांच्या बैठकीत प्रत्येकाने आपली वही भरावयाची व सर्वांच्या उणिवा कोठे आहेत याची चर्चा करावयाची, असा क्रम आहे. ज्या विषयात बहुसंख्य बागा मागे असतील तो पुढील शिक्षणवर्गाचा विषय ठरतो. त्यामुळे काय शिकवावे हे वरून न ठरता शेतकऱ्यांच्या गरजेतून ठरते.

या पुस्तकाचा आधार घेऊन २००२ मध्ये संपूर्ण कॅलिफोर्नियासाठी तशीच एक संहिता तयार झाली. लोडाय येथे २००५ पासून प्रमाणपत्राची योजनाही सुरू झाली. तिच्यात शंभराहून अधिक मानके असून बागेची तपासणी मंडळाबाहेरील त्रयस्थ व्यक्ती करते. वापरलेल्या प्रत्येक औषधाचा मजूर, ग्राहक, पक्षी, मधमाश्या व जलचर यांना असलेला धोका गुणांनी मोजला जातो, आणि त्या गुणांची वार्षिक मर्यादा ओलांडणाऱ्या बागेस प्रमाणपत्र मिळत नाही.

बागेत प्रत्यक्ष काय बदलते

भुरी रोगाचे उदाहरण घेऊ. या रोगाची बुरशी मध्यम उष्ण हवेत वेगाने वाढते. कॅलिफोर्निया विद्यापीठाने यावरून धोक्याचा एक निर्देशांक तयार केला. वेलींच्या पानोऱ्यातील तापमान सुमारे २१ ते २९ अंश सेल्सियसच्या दरम्यान सलग सहा तास किंवा अधिक राहिले, तर त्या दिवसाचे २० गुण वाढवावयाचे. तसे न घडल्यास १० गुण कमी करावयाचे. गुण ३० च्या खाली असतील तर धोका थोडा, ६० च्या वर गेले तर धोका मोठा. धोका थोडा असता दोन फवारण्यांतील अंतर वाढविता येते व मोठा असता ते कमी करावे लागते. तापमापक एकाने बसविला तरी त्याच्या नोंदी आसपासच्या सर्वांच्या उपयोगी पडतात. एकट्यास महाग वाटणारी गोष्ट मंडळास अशी परवडते.

पाण्याचेही तसेच आहे. वाइनच्या द्राक्षांस फळधारणेनंतर मोजून-मापून थोडा ताण दिल्यास पानोऱ्याची वाढ आटोक्यात राहते, मणी लहान राहतात व रसाची प्रत सुधारते. ताण अधिक झाल्यास मात्र पाने करपतात व पीक बसते. या दोहोंमधील रेषा अनुभवी माणसाच्या शेजारी उभे राहूनच कळते.

उंदरांच्या जातीचा गोफर नावाचा प्राणी तेथे वेलींची मुळे कुरतडतो. त्यावर उपाय म्हणून अनेक बागाईतदार गव्हाणी घुबडांसाठी खांबांवर लाकडी पेट्या बसवितात. पिले वाढविणारी घुबडाची जोडी रात्रीतून अनेक उंदीर टिपते. आपल्याकडे घुबड अपशकुनी मानले जात असले तरी शेतकऱ्याचा तो बिनपगारी राखणदार आहे, हे विसरता कामा नये. त्याचप्रमाणे ओळींमध्ये आच्छादनाचे पीक घेतल्यास मातीची धूप थांबते, सेंद्रिय द्रव्य वाढते व धूळ कमी उडते. धुळीने माखलेल्या पानांवर कोळी या किडीचा जोर अधिक असतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

कुंपणापलीकडील कीड

एकट्याच्या शहाणपणास मर्यादा पडते ती या ठिकाणी. कॅलिफोर्नियात १९९४ मध्ये पिठ्या ढेकणाची एक परदेशी जात आढळली व पुढे ती राज्यभर पसरली. ही कीड रस शोषते, घडांवर चिकट स्राव सोडते आणि लीफरोल नावाचा विषाणूरोग एका वेलीवरून दुसऱ्या वेलीवर नेते. रोगट वेलीस औषध नाही. ती उपटावीच लागते. कलमे, अवजारे व मजुरांचे कपडे यांच्याबरोबर कीड प्रवास करते आणि मुंग्या तिचे रक्षण करतात. एका बागाईतदाराने कितीही काळजी घेतली तरी शेजारची बाग किडीने भरलेली असेल, तर त्याचे श्रम वाया जातात. म्हणून आपल्या बागेत कीड आढळल्याचे लपवून न ठेवता शेजाऱ्यास त्वरित कळविणे, हा अशा मंडळाच्या शिक्षणाचा अतिशय अवघड व तितकाच मोलाचा धडा होय.

सर्वांनी मिळून काम केल्यास काय साधते, याचे उदाहरण नापा जिल्ह्यात घडले. तेथे २००९ मध्ये युरोपीय द्राक्ष-पतंग आढळला. २०१० मध्ये सापळ्यांत एक लाखाहून अधिक पतंग सापडले. शासन, विद्यापीठाचे विस्तार कर्मचारी व बागाईतदार यांनी एकत्र येऊन सापळे लावले, वेळेवर फवारण्या केल्या व कामगंधाच्या साहाय्याने नर पतंगांची दिशाभूल केली. घरांच्या परसातील वेलीही सोडल्या नाहीत. २०१४ मध्ये केवळ एक पतंग सापडला व २०१६ मध्ये ही कीड समूळ नष्ट झाल्याचे जाहीर झाले. निम्म्या बागाईतदारांनी अंग काढून घेतले असते, तर हे यश मिळाले नसते.

सभासद होण्यापूर्वी

अशा मंडळात प्रवेश करणाऱ्याने काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. वर्गणी किती व ती कशावर आकारली जाते. भरलेल्या वहीतील माहिती कोण पाहणार व ती गुप्त राहणार काय. सल्ला देणारा तज्ज्ञ औषधे विकणारा तर नाही ना. आणि बैठका बागेची कामे सांभाळून ठेवल्या जातात काय, या प्रश्नांची स्पष्ट उत्तरे मिळावीत. सल्ला व विक्री एकाच माणसाच्या हाती असेल तर सावध राहणे श्रेयस्कर.

पहिल्या वर्षी सर्वच गोष्टी बदलण्याची घाई करू नये. वही प्रामाणिकपणे भरावी, दोन किंवा तीन उणिवा निवडाव्यात व बागेच्या एका तुकड्यावर सुधारणा करून पाहावी. उरलेला तुकडा नेहमीच्या पद्धतीने ठेवल्यास तुलना करता येते. फवारणी, पाणी, खत व मजुरी यांची तारीखवार नोंद ठेवावी. नोंदीवाचून वर्षअखेरीस काहीही सिद्ध होत नाही.

मंडळाचा सभासद झाल्याने सर्व अडचणी दूर होतील, अशी आशा मात्र कोणी बाळगू नये. अलीकडच्या काही वर्षांत वाइनची मागणी घटल्यामुळे लोडायसह कॅलिफोर्नियातील अनेक ठिकाणी बागा उपटाव्या लागल्या. उत्तम शेती केलेल्यांनाही ही झळ लागली. शिक्षणाने उत्पादनखर्च व नुकसान आटोक्यात येते. बाजारभाव त्याच्या हाती नाही. म्हणून खरेदीदाराशी करार कोणत्या अटींवर झाला आहे, हे पाहण्याचे शिक्षणही मंडळाने द्यावे.

आपल्याकडील बागाईतदारांसाठी

नाशिक जिल्ह्यात वाइनच्या द्राक्षांची लागवड होते. राज्यात द्राक्ष बागाईतदारांचा संघ आहे व पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून कार्य करीत आहे. लोडायचे आकडे व वेळापत्रक जसेच्या तसे येथे लागू करणे मात्र चुकीचे ठरेल. तेथे वेल हिवाळ्यात विश्रांती घेते व उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी व पावसाळ्याच्या अखेरची फळ छाटणी अशा दोन छाटण्या असतात, आणि परतीच्या पावसात केवडा रोगाचे संकट उभे राहते. येथील वहीत येथीलच प्रश्न असावे लागतील.

घेण्यासारखी आहे ती शिकण्याची पद्धत. एका शिवारातील दहा-बारा बागाईतदारांनी एकत्र यावे, फळ छाटणीनंतर ठरावीक दिवशी आळीपाळीने एकमेकांच्या बागेत जमावे, पिठ्या ढेकूण, भुरी व केवडा यांची पाहणी करून एकाच वहीत नोंद करावी व शंका संशोधन केंद्राकडे पाठवाव्यात. कृषी कर्मचाऱ्याने या बैठकीत भाषण करण्यापेक्षा नोंदी नीट होतात की नाही याकडे लक्ष द्यावे, आणि आपल्या बागेतील उणीव उघडपणे सांगणाऱ्या शेतकऱ्याची कोणी चेष्टा करणार नाही याची काळजी घ्यावी. पहिली उणीव मोकळेपणाने सांगितली गेली, म्हणजे मंडळाचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले असे समजण्यास हरकत नाही.