दुर्बिणीला दवापासून आडोसा

सुमारे 17 उत्तर अक्षांशावरील ज्या रत्नागिरीत गुरू आणि शनी याम्योत्तर वृत्त ओलांडताना क्षितिजापासून नेहमीच 45 अंशांहून अधिक उंची गाठतात, तेथे ग्रहदर्शनाचा खरा वैरी म्हणजे समुद्रावरची दमट हवा होय. निरभ्र आकाशाकडे तोंड केलेले भिंग आपली उष्णता अवकाशात उत्सर्जित करीत दवबिंदूखाली उतरते, त्यावर सूक्ष्म जलकण जमतात आणि शनीच्या कड्यांतील कॅसिनीची फट बघता बघता पुसली जाते.

यावरची तजवीज अगदी स्वस्त, आणि माझ्या मते बाजारी आडोशाहून सरस. नळीचा बाह्य व्यास 100 मि.मी. असल्यास योगासनाच्या 6 मि.मी. जाडीच्या काळ्या चटईचा 36 सें.मी. लांब, 19 सें.मी. रुंद तुकडा कापून तिच्याभोवती गुंडाळावा, कडा एकमेकींवर घेऊन वेल्क्रोने जखडाव्यात, आणि 4 सें.मी. भाग नळीवर घट्ट बसवून उरलेला, म्हणजे व्यासाच्या दीडपट, भिंगापुढे राहू द्यावा. आतून बिनचकाकीचा काळा कागद लावल्यास मिरकरवाडा बंदराच्या दिव्यांचा तिरपा उजेडही अडतो. इतका बंदोबस्त करूनही दव धरलेच, तर रुमाल मुळीच लावू नये, कारण खाऱ्या वाऱ्याने आणलेले कण घासले जाऊन लेपावर ओरखडे उमटतात. हेअर ड्रायरची मंद ऊब पुरते.