अनवाणी यंत्र आणि उतरलेली शक्ती

अमेरिकेत १९५८ साली २७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात सामान्य नागरिकांच्या रेडिओसंभाषणास परवानगी मिळाली. तेथील वाहनचालकांच्या बोलीत वर्धक न जोडलेल्या यंत्रास ‘अनवाणी’ व वर्धकास ‘बूट’ म्हणण्याची रूढी पडली. ए. एम. वाहक लहरीची कायदेशीर मर्यादा ४ वॉट असून बाह्य वर्धक तेथे निषिद्ध आहे, हे मात्र या विनोदी संज्ञांवरून कळत नाही.

वर्धकाची शक्ती घटली की दोष ट्रान्झिस्टरच्या माथी मारला जातो. वस्तुतः प्रथम तपासावा तो विजेचा दाब, आणि तोही प्रक्षेपण चालू असताना, वर्धकाच्या अग्रांपाशीच. १०० वॉट देणारा वर्धक निम्म्या कार्यक्षमतेने सुमारे १५ अँपिअर प्रवाह ओढतो. बारीक तार व गंजलेला सांधा मिळून ०.१५ ओहम रोध असला, तर १३.८ पैकी दोन व्होल्टांहून अधिक दाब वाटेतच खर्ची पडतो. शक्ती साधारणतः दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरत असल्याने १०० चे जेमतेम ७० वॉट उरतात. प्रक्षेपण थांबताच मापक पुन्हा निर्दोष १३.८ दाखवितो, आणि पुष्कळांची फसगत होते ती येथेच. गाडीच्या सांगाड्याकडे जाणारी ऋण तारही याच रीतीने मोजावी.

नंतर अँटेनाऐवजी पुरेशा क्षमतेचा ५० ओहमांचा कृत्रिम भार जोडावा. शक्ती पूर्ववत् झाली, तर दोष अँटेनाचा किंवा तिच्या केबलीचा. न झाल्यास मूळ यंत्राकडून येणारे ४ वॉट खरोखर पोहोचतात की नाही हे पाहून मगच वर्धक उघडावा.