विंडोजला '/' कळत नाही, असं कोण म्हणालं?

समजा, टेंभी नाक्याच्या नवरात्रोत्सवाचे फोटो वर्षवार लावणारा छोटा पायथॉन प्रोग्रॅम कुणी विंडोजवर लिहिला. फोल्डरचा पत्ता रोमन अक्षरांत दिला : सी:\ठाणे\नाका\टेंभी. प्रोग्रॅम अडतो आणि बोल लागतो विंडोजला.

विंडोजचा इथे काहीच दोष नाही. पायथॉनच्या साध्या स्ट्रिंगमध्ये (सी आणि जावातही) बॅकस्लॅश पुढच्या अक्षराशी मिळून वेगळीच खूण बनवतो. रोमन लिपीतल्या ठाण्याचा आणि टेंभीचा 'टी' टॅब झाला, नाक्याचा 'एन' नवी ओळ. विंडोजच्या हाती पडण्याआधीच पत्ता मोडला होता.

विंडोजला फक्त '\' चालतो, हा समज फार जुना. 1981च्या पहिल्या एमएस-डॉसमध्ये उपफोल्डर नव्हतेच, आणि '/' हे चिन्ह कमांडचे पर्याय देण्यासाठी वापरात होतं. 1983 साली दुसऱ्या आवृत्तीत उपफोल्डर आले तेव्हा '\' निवडावा लागला. तरी प्रोग्रॅममधून फाइल उघडताना तेव्हापासून दोन्ही चिन्हं चालतात. कमांड प्रॉम्प्टच्या काही आज्ञा मात्र '/' दिसला की त्याला पर्याय समजतात.

मग लिनक्सलाही दोन्ही चालत असतील? नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं. लिनक्समध्ये '\' हे फाइलच्या नावातलं साधं अक्षर आहे. 'नाका\टेंभी' असा पत्ता देऊन फाइल लिहिली, तर नाका फोल्डरकडे कुणी बघतही नाही. 'नाका\टेंभी' याच नावाची एक फाइल तयार होते. एररही येत नाही. लॅपटॉपवर बिनबोभाट चाललेला प्रोग्रॅम सर्व्हरवर फोटो भलतीकडे ठेवत राहतो, आणि ते कळतं फोटो शोधायची वेळ आल्यावर.

म्हणून चिन्ह हाताने टाइप करूच नये, असं माझं ठाम मत आहे. पायथॉनच्या 3.4 आवृत्तीपासून, म्हणजे 2014 पासून, पाथलिब ही लायब्ररी सोबतच मिळते. फोल्डरांची नावं सुटी द्यावीत, जोडणी ती करते. जावा आणि नोडमध्येही अशी सोय आहे. फक्त वेबचे पत्ते या सोयीने जोडू नयेत. तिथे आणि झिप फाइलच्या आतही सगळीकडे '/'च लागतो.

एवढं करूनही फाइल सापडली नाही, तर रोमन नावांतली कॅपिटल अक्षरं तपासा. विंडोज सहसा तो फरक मानत नाही, लिनक्स मानतो. देवनागरी नावांना हा त्रास नाही.