मोटारघरांत स्टेपनी न्यावी काय?

मोटारीबरोबर नेलेल्या जादा चाकाला स्टेपनी म्हणतात, हें आपल्या घरांतल्या लहान मुलालाहि ठाऊक असतें. परंतु हा शब्द मुळांत एका रस्त्याचें नांव आहे, हें फार थोड्यांना माहीत असेल. वेल्समधील लानेली या गांवीं स्टेपनी स्ट्रीट नांवाचा रस्ता आहे. आरंभीच्या मोटारींबरोबर जादा चाक नसे. टायर फुटला कीं चालकानें रस्त्यांतच बसून तो दुरुस्त करावा, असा रिवाज होता. १९०४ सालीं लानेलीच्या डेव्हीस नांवाच्या गृहस्थांनीं यावर तोड काढली. आरे नसलेली लोखंडी धांव, तिच्यावर हवा भरलेला टायर, आणि हवा गेलेल्या चाकाला ती बाजूनें आवळण्याचे चाप, एवढाच तो सरंजाम. तो त्या रस्त्याच्या नांवानें विकला गेला, आणि तें नांव मराठींत येऊन कायमचें वस्तीला राहिलें.

या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. आतां मात्र एका प्रकारच्या वाहनांत स्टेपनी न्यावी कीं नाहीं, असा वाद पडला आहे. हें वाहन म्हणजे मोटारघर. एकाच गाडींत निजण्याची जागा, चूल, पाण्याची टाकी व स्नानगृह अशी सोय करून अमेरिकेंत आणि युरोपांत पुष्कळ कुटुंबें, विशेषतः सेवानिवृत्त जोडपीं, महिनेच्या महिने हिंडतात. मुलांकडे परदेशीं जाणाऱ्या आपल्याकडील आईबापांनाहि हा प्रवास कधीं कधीं घडतो. मलाहि तो घडला, आणि आजचा विषय त्या प्रवासानेंच मला दिला.

आम्ही चौघें—मुलगी, जांवई, माझी पत्नी व मी—भाड्याच्या मोटारघरांतून अमेरिकेच्या नेव्हाडा संस्थानांत फिरत होतों. गाडी ताब्यांत घेतांना मीं आपल्या संवयीनें विचारलें, "स्टेपनी कोठें आहे?" त्या माणसाला शब्द कळला नाहीं. अर्थ सांगितल्यावर तो हंसून म्हणाला, "ती नसते. अडचण आली तर हा टेलिफोन करा." टोनोपापासून इलीपर्यंतचा रस्ता सुमारें २७० किलोमीटरांचा आहे, वाटेंत पेट्रोलचा पंप नाहीं. नेमका त्या रस्त्यावर आमचा मागचा एक टायर फुटला. मोबाईल तेथें मुका झालेला! अखेर एका वाटसरूनें पुढें जाऊन निरोप पोंचविला, आणि दिवस मावळतांना मदतीची गाडी आली. त्या कारागिराजवळ जॅक होता, हवा भरण्याचें यंत्र होतें, अंगांत बळ होतें, हाताला कसब होतें. खालीं उतरतांच त्यानें एकच प्रश्न केला, "टायर आणला आहे ना?"

नव्हता तो टायरच! आमच्या मापाचा टायर त्याच्यापाशीं नव्हता. ती रात्र आम्हीं त्या उजाड माळावर काढली. पत्नीचीं रक्तदाबाचीं औषधें सुदैवानें जवळ होतीं. नसतीं तर काय झालें असतें, हा विचार आजहि मनाला शिवतो. टायर दुसऱ्या दिवशीं दुपारीं आला.

त्या प्रश्नानें माझी एक जुनी समजूत दूर केली. स्टेपनी म्हणजे आपण स्वतः बदलावयाचें चाक, असें मी मानीत आलों होतों. आणि मोटारघरांत स्टेपनी नको म्हणणारेहि हेंच गृहीत धरतात. त्यांचा युक्तिवाद असा : मध्यम आकाराचें मोटारघर साडेसहा टनांपर्यंत वजनाचें असतें, त्याचें चाक टायरसकट तीस किलोच्या घरांत जातें. बसगाडीएवढ्या मोठ्या मोटारघराला साडेबावीस इंची चाकें असतात. त्यांतलें एक चाक टायरसह ऐंशी किलोच्या आसपास भरतें, आणि साध्या मोटारीच्या नटांना ८० ते १०० फूट-पौंड पीळ पुरतो तेथें याच्या नटांना ४५० ते ५०० फूट-पौंड लागतो. साठी उलटलेल्या गृहस्थानें हें रस्त्याच्या कडेला करावें तरी कसें? मग जें आपल्यानें बदलवणार नाहीं, त्याचें ओझें वाहावें कशाला?

यांतलें पहिलें म्हणणें सर्वस्वीं खरें आहे. हें काम आपलें नव्हे. मोठ्या मोटारघरांच्या तळाशीं गाडी समपातळींत उभी करण्यासाठीं जॅक बसविलेले असतात. ते चाक बदलण्याकरितां वापरूं नयेत, अशी सूचना कारखानदार देतात, कारण त्यांवर तोललेली गाडी निसटूं शकते. परंतु यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. बाहेरून येणारा मदतनीस बळ, हत्यारें आणि कसब घेऊन येतो. आपल्या मापाचा टायर तो आणीलच असें नाहीं. मालमोटारींचें सर्रास माप आपल्या गाडीला असेल, तर हमरस्त्यावर तें लौकर मिळतें. पण मोटारघरांचीं कांहीं मापें मालमोटारींत क्वचितच वापरतात. तेव्हां स्टेपनी आपल्या हातांसाठीं न्यावयाची नसून आपल्या प्रवासासाठीं न्यावयाची असते.

वजनाचा दुसराहि एक मुद्दा आहे. युरोपांतील पुष्कळ मोटारघरांची भारासह मर्यादा ३५०० किलो असते. माणसें, पाणी, सामान धरतां पंचवीस-तीस किलोहि जड वाटतात. म्हणून कित्येक गाड्यांत स्टेपनीऐवजीं छिद्र बुजविण्याचा द्रव व हवेचा लहान पंप देतात. खिळ्यानें पडलेल्या लहानशा छिद्राला हा उपाय पुरतो. टायरची बाजू फाटली किंवा त्याच्या चिंध्या झाल्या, तर तो निरुपयोगी. आणि आमच्या टायरच्या चिंध्याच झाल्या होत्या.

मग निर्णय कसा करावा? प्रथम वाट पाहावी. शहरें एकमेकांना लागून असलेल्या प्रदेशांत हमरस्त्यानेंच जावयाचें असेल, तर स्टेपनीवांचून भागेल. उलट, अलास्कांतील डाल्टन रस्ता पाहा. तो ६६६ किलोमीटर लांब व बहुतांशीं खडीचा आहे. त्यावरील कोल्डफूट सोडल्यावर डेडहॉर्सपर्यंत सुमारें ३८५ किलोमीटर कोणतीहि सोय नाहीं. तेथें जाणारांनीं रिमवर चढविलेले पूर्ण आकाराचे दोन जादा टायर न्यावेत, असा सल्ला दिला जातो.

नंतर गाडीचा आकार पाहावा. लहान-मध्यम गाडीला रिमवर चढविलेलें पुरें चाक न्यावें. मोठ्या गाडीला मधला मार्ग आहे : रिमशिवाय नुसता टायर न्यावा. वजन बरेंच कमी होतें, आणि मोठ्या वाहनांचें काम करणारा कारागीर तो जुन्या रिमवर चढवूं शकतो. मात्र पुढचीं व मागचीं चाकें एकाच मापाचीं आहेत ना, हें निघण्यापूर्वींच पाहावें. मदत पुरविणाऱ्या मंडळीलाहि आधींच विचारून ठेवावें कीं, माणूस पाठवाल हें ठीक, पण टायर पुरवाल काय?

येथें एक इशारा दिलाच पाहिजे. मोटारघराचा टायर बहुधा झिजून मरत नाहीं, तो म्हातारा होऊन मरतो. गाडी महिनोगणती एका जागीं उभी राहते. ऊन रबराला खातें. टायर फिरत असला म्हणजे त्याच्या पोटांतलें संरक्षक मेण पृष्ठावर येतें. उभ्या गाडींत तें येत नाहीं आणि रबराला भेगा पडतात. न वापरलेली स्टेपनीहि अशीच म्हातारी होते. अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या टायरच्या बाजूवरील अक्षरांकांच्या शेवटीं चार आंकडे असतात. '२३१९' असें असल्यास तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला असें समजावें. पांच वर्षांनंतर दर वर्षीं तपासणी करावी, आणि वरून कितीहि नवा दिसला तरी दहा वर्षांपलीकडे टायर ठेवूं नये, असें कांहीं कारखानदार सांगतात.

सर्वांत उत्तम स्टेपनी ती, जी काढावीच लागत नाहीं. कमी हवा व जादा भार यांनीं टायर तापतो आणि तापलेला टायर फुटतो. म्हणून सामान भरून झाल्यावर गाडी वजनकांट्यावर नेऊन प्रत्येक आंसावरील भार पाहावा, आणि हवा सकाळीं टायर थंड असतांना मोजावी. एवढें करूनहि टायर फुटलाच, तर एकदम ब्रेक दाबूं नये. सुकाणूं घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी व वेग आपोआप उतरूं द्यावा. मागें जोडचाकें असून त्यांतलें एकच गेलें, तरी पुढें दामटूं नये. सोबतच्या चाकावर दुप्पट भार पडतो.

श्रोतेहो, पुढच्या वर्षीं आम्हीं पुन्हां मोटारघर घेतलें, तेव्हां मागच्या बाजूला बांधलेली स्टेपनी आधीं पाहिली व तिच्यावरचे चार आंकडे वाचले. ती गाडी थोडी महाग पडली, आणि तें चाक सबंध प्रवासांत कोणाच्याहि उपयोगी पडलें नाहीं. पण पत्नी निश्चिंत झोंपली. आणि त्या जादा भाड्याबद्दल मला एकदांहि हळहळ वाटली नाहीं.