पंखा फिरतो, पण हवा हलते का?

पौडच्या बाजूला एका शाळेत शिक्षकांशी गप्पा चालल्या होत्या. एका बाईंनी विचारले, "माझा भाऊ इंग्लंडात असतो. ऐन थंडीत त्याच्या घरातला गॅसचा बॉयलर बंद पडला. गॅस होता, पाणी होते, वीजही होती. आतला लहानसा पंखा तेवढा बिघडला होता. एवढ्याशा पंख्यासाठी सगळे यंत्र का अडून बसावे? आमच्या बाथरूममधला पंखा बंद असला तरी गॅसचा गीझर मुकाट्याने चालतो की!"

बाईंना जो गीझरचा गुण वाटला, तोच त्याचा दोष आहे.

आधी बॉयलर पाहू. त्याची ज्वलनाची पेटी खोलीपासून पूर्ण बंद असते. बाहेरची ताजी हवा आत ओढणे आणि जळलेले वायू नळीवाटे घराबाहेर घालवणे, ही कामे पंख्याची. बर्नर पेटण्याआधी पंखा सुरू होतो. बऱ्याच बॉयलरांत पंख्यामुळे पडणाऱ्या दाबाच्या फरकाने एक लवचिक पडदा सरकतो, त्याने स्विच जोडला जातो आणि मगच गॅसची झडप उघडते. (काही नव्या बॉयलरांत पंख्याचे फेरे मोजतात आणि हवेच्या प्रमाणातच गॅस सोडतात.) खुबी अशी की, हा पडदा पंख्याला वीज मिळाली का हे पाहत नाही, हवा हलली का हे पाहतो. पंखा ठीक असून नळीत घरटे अडकले, तरी बॉयलर पेटणार नाही. अशा वेळी प्रशिक्षित माणसाकडून दुरुस्ती करून घ्यावी. स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून 'डायरेक्ट' करण्याची आपल्याकडची हुशारी इथे जिवावर बेतेल.

आता आपला गीझर. त्यातही एक पडदा असतो, पण तो पाण्याच्या प्रवाहाने सरकतो. नळ सोडला की गॅसची झडप उघडते आणि ठिणगी पडते. ठिणगीसाठी दोन लहान सेल पुरतात. म्हणजे हा गीझर पाण्याला विचारून गॅस सोडतो, हवेला विचारत नाही. जळलेले वायूही बहुधा तिथेच खोलीत सोडतो.

थोडे गणित करू. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे, तर १५० किलोकॅलरी लागतात. एक ग्रॅम एलपीजी सुमारे ११ किलोकॅलरी देतो; वाया जाणारी उष्णता धरून मिनिटाला साधारण १६ ग्रॅम गॅस जळतो. १० मिनिटांत १६० ग्रॅम. एक ग्रॅम गॅसला सुमारे साडेपंधरा ग्रॅम हवा हवी. म्हणजे अडीच किलो, घनफळात दोन घनमीटरांहून जास्त. पाच फूट बाय सात फूट, उंची आठ फूट अशा बाथरूममध्ये हवा असते जेमतेम आठ घनमीटर. दारे-खिडक्या घट्ट असतील, तर एका आंघोळीत पाव हिस्सा प्राणवायू संपला!

प्राणवायू कमी पडू लागला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनला याची ओढ प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक असते. २१० पट धरा. हवेत प्राणवायू २१ टक्के. मग ०.१ टक्का कार्बन मोनॉक्साइड असलेल्या हवेत पुरेसा वेळ राहिल्यास जवळपास निम्मे हिमोग्लोबिन तो बळकावील. विद्यार्थ्यांना हा हिशेब जरूर करू द्यावा.

"पण वास आलाच नाही," असे लोक सांगतात. एलपीजीला वास यावा म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात, ते गॅसबरोबर जळून जाते. कार्बन मोनॉक्साइडला वास, रंग, चव काहीच नाही.

"आमच्याकडे एक्झॉस्ट पंखा आहे," हे दुसरे समाधान. मुळशीच्या पावसाळ्यात ते तपासून पाहावे. गारठ्यामुळे खिडकी बंद. वीज गेली की पंखा थांबतो, पण सेलवर पेटणारी ज्योत चालूच राहते. (याच तालुक्यातले पाणी भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करते, त्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये इथे सत्याग्रह झाला होता.) वीज असली तरी नैर्ऋत्येचा जोराचा वारा पंख्याच्या तोंडावर आला, तर हवा बाहेर जायला नाखूश असते. आणि आत यायला वाटच नसेल, तर पंखा नुसताच फिरतो.

हे पाहायला कागदाची एक पट्टी पुरे. गीझर बंद ठेवून, दार लावून पंखा सुरू करा. बाहेरून दाराच्या खालच्या फटीशी पट्टी धरा. ती आत ओढली गेली तर हवा वाहते आहे. लोंबतच राहिली तर दाराला खाली जाळी बसवणे भाग आहे. पण पट्टी हलली म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण उद्याचा वारा वेगळा असेल. खरा उपाय म्हणजे गीझर उघड्या गॅलरीत बसवून गरम पाणी तेवढे नळाने आत आणणे. ते होईपर्यंत दार उघडे ठेवून बादल्या भराव्यात, गीझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मग आंघोळीला जावे.

डोके दुखणे, मळमळ, पायांतले बळ जाणे ही लक्षणे दिसली, तर त्या माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणून दवाखान्यात न्यावे. तिथे 'गॅसचा गीझर चालू होता' हे आवर्जून सांगावे. बोटाला लावायचा नेहमीचा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिनही प्राणवायूचेच समजतो, आणि गुदमरलेल्या माणसाचा आकडाही चांगला दाखवतो.