रस्त्यांची कल्हई

तांब्या-पितळेची भांडी ज्या घरांत रोजच्या वापरात होती, त्या घरांना कल्हईचे अर्थशास्त्र कोणी शिकवावे लागले नाही. कथिलाचा थर विरळ होऊ लागला, की कल्हईवाल्याला हाक मारावयाची. भांड्यातले अन्न कळकेपर्यंत थांबावयाचे नाही. भांड्याच्या किमतीच्या मानाने हा खर्च क्षुल्लक असे, आणि भांडी मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकत. हाच हिशेब कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेल्या डांबरी रस्त्यांना लावावा, असे आपल्या स्थानिक संस्थांना सहसा सुचत नाही. रस्ता होतो तेव्हा नारळ फुटतो, फलक लागतो. मग नव्याचे नऊ दिवस सरतात, आणि त्या रस्त्याची पुन्हा आठवण होते ती थेट खड्डे पडल्यावर.

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. पुढे भोसरी, आकुर्डी, चिंचवड आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चाकण, महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे असा कारखान्यांचा विस्तार होत गेला. या साऱ्याचा माल वाहतो तो पुणे-नाशिक आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर या दोन रस्त्यांवरून, व त्यांना मिळणाऱ्या असंख्य लहान रस्त्यांवरून. पोलादाच्या कॉइल घेऊन येणारे ट्रेलर आणि तयार मोटारी घेऊन जाणारे लांबलचक वाहक चाकणच्या तळेगाव चौकात ज्यांनी पाहिले असतील, त्यांना या रस्त्यांवरील भाराची वेगळी कल्पना देण्याचे कारण नाही.

रस्ता खराब होतो म्हणजे नेमके काय होते? ऊन आणि हवा यांच्यामुळे डांबरातील तेलकट अंश कमी होतो, ते ऑक्सिडेशनने कडक व ठिसूळ बनते. चार-पाच वर्षांत पृष्ठभाग काळ्याचा करडा होतो, बारीक खडी सुटू लागते, केसासारख्या भेगा पडतात. इथवर रस्ता धडधाकटच असतो. वाहनचालकाला काहीही जाणवत नाही. मग पावसाचे पाणी त्या भेगांतून खालच्या खडी-मुरुमाच्या थरात उतरते, थर मऊ पडतो, आणि वरून जाणारे प्रत्येक जड चाक ते पाणी दाबून आतली माती बाहेर फेकते. खड्डा दिसतो तेव्हा आजार शेवटच्या अवस्थेला पोहोचलेला असतो. त्यात खडी आणि डांबर ओतून पॅच मारणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, यांतलाच प्रकार होय.

यावरचे उपाय गूढ नाहीत. भेगा वेळच्या वेळी डांबराने भरून घेणे. पातळ केलेल्या इमल्शनची, म्हणजे पाण्यात सूक्ष्म कणांच्या रूपाने मिसळलेल्या डांबराची, फवारणी करणे. बारीक कच व इमल्शन यांचे मिश्रण पातळ थराने पसरणे, ज्याला स्लरी सील म्हणतात. आणि त्याचीच अधिक मजबूत आवृत्ती असलेले मायक्रोसर्फेसिंग. मायक्रोसर्फेसिंगचा थर सहा-आठ मिलिमीटरांचा असतो आणि काही तासांतच त्यावर वाहतूक सोडता येते. डांबरी काँक्रीटचा नवा थर तीस ते पन्नास मिलिमीटरांचा, अर्थातच कित्येक पट महाग. शिवाय असे थर एकावर एक चढवून रस्ता दुकानांच्या उंबऱ्याहून उंच करावयाचा आणि मग पाणी घरात शिरते म्हणून पंप लावावयाचे, हा आपल्याकडचा उद्योग वेगळाच. भारतीय रस्ते महासभेने मायक्रोसर्फेसिंगची मानके २००८ सालीच प्रसिद्ध केलेली आहेत. तेव्हा अडचण तंत्रज्ञानाची नाही.

या उपायांची मर्यादाही सांगितली पाहिजे. पातळ थर पाणी अडवतो, डांबराचे आयुष्य वाढवतो; तो रस्त्याला बळ देत नाही. ज्याचा पायाच खचला आहे, ज्याच्या कडेला गटार नाही, अशा रस्त्यावर तो टाकणे ही निव्वळ रंगसफेदी होय. म्हणून रस्ता चांगला असतानाच त्याच्यावर पैसे खर्च करावयाचे आहेत, आणि नेमके हेच कोणाला पटवून देता येत नाही. चांगल्या रस्त्यावर खर्च मागितला, तर सभागृहात विचारणा होते, लेखापरीक्षक आक्षेप घेतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर त्याच्या कित्येक पट रक्कम मागितली, तर ती टाळ्यांच्या गजरात मंजूर होते.

जागतिक बँकेने १९८८ साली ८५ विकसनशील देशांतील रस्त्यांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. मोडकळीस आलेल्या रस्त्यांच्या पुनर्बांधणीचा खर्च त्यात ४० ते ४५ अब्ज डॉलर धरला होता. वेळेवर देखभाल झाली असती, तर १२ अब्जांहूनही कमी खर्चात हे काम भागले असते, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्याकडे बाराव्या वित्त आयोगाला रस्ते व पूल यांच्या केवळ देखभालीसाठी, राज्यांच्या नेहमीच्या खर्चात भर म्हणून, १५ हजार कोटी रुपयांचे स्वतंत्र अनुदान सुचवावे लागले, यावरून या खात्याची एरवी किती उपेक्षा होते हे दिसते. नवा रस्ता हा भांडवली खर्च, देखभाल हा महसुली. आणि काटकसरीची कात्री प्रथम महसुली खर्चावरच चालते.

शेजारच्या पुण्यातील जंगली महाराज रस्त्याची कथा या संदर्भात पुष्कळांना ठाऊक असेल. १९७६ साली मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीने सुमारे १५ लाख रुपयांत हा रस्ता दहा वर्षांच्या हमीवर बांधला. हमी संपल्यावरही तो दशकानुदशके टिकला. त्या कंपनीस महापालिकेने पुढे दुसरे काम दिल्याचे मात्र ऐकिवात नाही! टिकाऊपणाचे बक्षीस जर बेकारी असेल, तर कोणता ठेकेदार दर पाच वर्षांनी येणारे काम आपल्या हाताने घालवील? हमीचा काळ लांबवून त्यातील देखभालही बांधणाऱ्याच्याच अंगावर टाकली, तर स्वस्त इमल्शनचे महत्त्व त्याला कोणत्याही व्याख्यानाशिवाय कळेल.

चाकणच्या बाबतीत आणखी एक हिशेब राहतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात प्रत्यक्ष ट्रक फिरवून जी चाचणी झाली, तीवरून असे दिसले, की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट, तर झीज सोळापट. २०१८ साली केंद्राने चार चाकांच्या एकेरी आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वाढ दिसायला तेरा टक्क्यांची, झीज मात्र सुमारे सव्वासहा दशमांशाने, म्हणजे साठ टक्क्यांहून अधिक वाढली. वाहतुकीचा खर्च उतरला, हा लाभ कारखान्यांना मिळाला. उलट अर्धा टन भाराच्या आसाच्या मोटारीला १०.२ टनी आसाइतकी झीज करावयास दीड लाखाहून अधिक फेऱ्या माराव्या लागतील. दुचाकीचा तर हिशेबच नको. तरीही पहिल्या पाळीला अंधारात मोशी किंवा आळंदी फाट्यावरून निघालेला कामगार पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पडतो, तो दुचाकीवरूनच. झीज एकाने करावी आणि हात-पाय दुसऱ्याने मोडून घ्यावेत, याला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम असे सौम्य नाव आहे.

वस्तुतः वापरणाऱ्याने रस्त्याचा भार उचलावा, हा विचार आपल्याला नवा नाही. १९२७ साली बॅ. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने तोच मांडला, आणि १९२९ साली पेट्रोलवरील अधिभारातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. परंतु इंधनावरील अधिभार दिल्लीस जमा होतो आणि झीज गावात राहते. या पट्ट्यात तर एकाच ट्रेलरला कारखान्याच्या दारापासून महामार्गापर्यंत महामंडळ, जिल्हा परिषद, नगरपरिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग असे अनेक मालकांचे रस्ते ओलांडावे लागतात. त्या प्रत्येक रस्त्यावर शेवटचा थर कोणत्या साली पडला, हे एका नोंदवहीत एकत्र मिळावे, एवढी तरी अपेक्षा गैर नाही. तशी वही असेल, तर पाचव्या वर्षात पदार्पण करणारे रस्ते आपोआप पुढे येतील. त्यांच्या खालचा थर शाबूत आहे की नाही, हे बेंकेलमन बीमसारख्या साध्या उपकरणाने तपासता येते. आणि ज्यावर थर टाकावयाचा, तेथे नळ, केबल व गॅसवाहिन्यांची खोदाई आधीच उरकून घेता येते.

राहता राहिला प्रश्न वेळापत्रकाचा. इमल्शनला कोरडी हवा लागते. म्हणजे दिवाळीनंतर मेअखेरपर्यंतचा काळ. आपली अंदाजपत्रके मार्चमध्ये संमत होतात, निविदा उन्हाळ्यात रेंगाळतात आणि कार्यादेश निघतो तो मृगाच्या तोंडावर. देखभालीची रक्कम मागील वर्षीच्या दिवाळीपूर्वी मंजूर करून ठेवण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.