भट्टीचा ताप ध्वनी सांगतो

मंडळी, मुलाला ताप आला, तर तापमापक लावून तो मोजता येतो. पण औष्णिक वीज केंद्रातल्या, कैक मजले उंच भट्टीचा ताप कसा मोजायचा? आत कोळशाच्या भुकटीचा जाळ हजार अंशांच्या वर गेलेला असतो. त्यात मोजनळी खुपसली तर ती लवकर खराब होते. टिकली तरी टोकाजवळचीच उष्णता सांगते.

आणि उष्णता सगळीकडची कळायला हवी, बरं का! राख फार तापली की मऊ होऊन पाण्याच्या नळ्यांना चिकटते. पाण्याला पुरेशी उष्णता पोचत नाही. जाळ एकाच बाजूला झुकत राहिला, तर तिकडची एखादी नळी फुटूही शकते. मग संच बंद, आणि वीजही बंद!

इथे ध्वनी मदतीला येतो. हवा जितकी तापलेली, तितका ध्वनी जलद. शून्य अंशाला तो सेकंदाला सुमारे ३३१ मीटर जातो. हजार अंशांला ७०० मीटरहून अधिक. दहा मीटर रुंदीची भट्टी ओलांडायला शून्य अंशाला सेकंदाच्या हजार भागांपैकी ३० भाग लागतील. हजार अंशांला अवघे १४. शिक्षकांनी नियम असा सांगावा: निरपेक्ष तापमान चौपट झाले की वेग दुप्पट होतो. ही कल्पना अमेरिकेतील ए. एम. मेयर यांनी १८७३ मध्येच मांडली होती. मोठ्या बॉयलरांत ती वापरात आली, ती मात्र १९८० नंतरच्या दशकात.

भट्टीच्या भिंतीतून आवाज सोडतात. समोरचे यंत्र तो टिपते. भट्टीची स्वतःची घरघर असतेच, म्हणून सोडलेला आवाज ओळखीचा, ठरावीक धाटणीचा असतो. लागलेल्या वेळावरून त्या वाटेवरचे सरासरी तापमान निघते.

पण सरासरीने जागा कशी कळणार? समजा, शेतात कुठेतरी चिखल आहे. मुलांना वेगवेगळ्या दिशांनी शेत ओलांडायला लावा. ज्यांना उशीर होतो, त्यांच्या वाटा जिथे छेदतात, तिथे चिखल! भट्टीत हेच, फक्त उलट: ध्वनी जिथे लवकर पोचतो, तिथे उष्णता जास्त. चार भिंतींवर दोन-दोन यंत्रे बसवली की समोरासमोरच्या व शेजारच्या भिंतींमध्ये २४ वाटा मिळतात. त्यांचे गणित संगणक करतो आणि उष्णतेचा नकाशा काढतो.

नकाशा पाहून कामगार जाळ सावरतात. नळ्या वाचतात, कोळसा वाचतो. आगीत काही न खुपसता आगीची नाडी पाहायची, ती अशी!